एका रात्रीपुरती वीज

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ६.४०

बियाण्याच्या कंपनीने यंदाही डायरी फुकट दिली. मुखपृष्ठावर मका. गेल्या वर्षी मी नऊ जानेवारीपर्यंतच लिहू शकलो, पण त्याला कारण होतं. पेन.

यंदा संकल्प एकच. २२ मार्चला प्लॅट नदीकाठी आमच्या कॅम्परमध्ये, म्हणजे चाकांवरच्या खोलीत, एक रात्र काढायची. बाहेरून वीज घ्यायची नाही, जनरेटर लावायचा नाही, आवाज करायचा नाही. फक्त बॅटरी. एकतीस वर्षं मी सहकारी धान्यकोठाराच्या काट्यावर मक्याचे ट्रक वजन केले. मला एका रात्रीची वीज मोजता येणार नाही?

सायंकाळी ५.१५

गेल्या वर्षीचं एकदा लिहून टाकतो, म्हणजे विषय संपेल. मार्च महिन्यात लाखो क्रौंच उत्तरेकडे जाता जाता आमच्या नेब्रास्कात थांबतात. रात्री नदीच्या उथळ पाण्यात उभ्याउभ्या झोपतात आणि उजाडलं की सगळे एकदम उठतात. ते उठणं काठावर बसून ऐकायचं, ही मार्सेलाची अकरा वर्षांची इच्छा. कधी माझा काटा आडवा आला, कधी तिचं शाळेतलं स्वयंपाकघर, कधी माझी पाठ. गेल्या वर्षी एकदाचे गेलो. जुनी बॅटरी रात्री साडेनऊला मेली. हीटरचा पंखा बंद पडला. मी झोपताना नाकावर लावतो ते यंत्रही बंद पडलं. (हे यंत्र डॉक्टरच्या समाधानासाठी आहे. मी घोरत नाही. मार्सेलाची झोप सावध आहे.) पहाटे वाटलं, बिचारी गारठली असेल, गरम कॉफी द्यावी. म्हणून जनरेटर सुरू केला. केवळ प्रेमापोटी.

नदीतले सगळे क्रौंच अंधारातच उडून गेले. कुरणात आणखी बारा गाड्या होत्या, त्यांतली माणसं बाहेर येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. नव्वद मैलांच्या परतीच्या वाटेवर मार्सेला एकदाच बोलली. तिने रस्त्यावरची पाटी वाचली, ताजी अंडी. थांबायचं का, हे तिने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

५ जानेवारी

कुरणाच्या मालकीणबाई मिसेस सेडलाचेक यांचं पत्र आलं. कुरण विकलं गेलंय, गाड्या लावायला हे शेवटचं वर्ष. प्रत्येकाला एकच रात्र. खाली नियम. ‘जनरेटर सक्त मना’ याच्याखाली लाल पेनाने तीन रेघा. कुणीतरी फार आगाऊपणा केलेला दिसतो.

मार्सेला पत्र वाचून म्हणाली, हे शेवटचं आहे लेलँड, मला पहाटे क्रौंच ऐकायचेत. पंखा नको, यंत्र नको, आणि तू पण नको. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी आर्डिस आणि व्हर्लिनबरोबर त्यांच्या गाडीत झोपेन. आर्डिस म्हणजे तिची धाकटी बहीण, आणि व्हर्लिन माझा साडू. त्यांची गाडी म्हणजे जुनी पाववाल्याची व्हॅन आणि आत एक गादी. मी हसलो. ती हसली नाही, पण सध्या तिचं दातांचं काहीतरी चालू आहे.

९ जानेवारी

हिशेब केला. हीटरचा पंखा, माझं यंत्र, दोन दिवे, पाण्याचा पंप. एका रात्रीला साठ अँपिअर-तास लागतील. म्हणजे एक चांगली बॅटरी पुरे. पण थंडी धरायला हवी, म्हणून दुप्पट केली. ढगांसाठी पुन्हा दुप्पट. (ढग रात्रीही असतात.) मग अनपेक्षित काही घडलं तर, म्हणून पुन्हा दुप्पट. आठ बॅटऱ्या झाल्या.

संध्याकाळी साडू आला होता. म्हणाला, अरे बाबा, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, एक बॅटरी आण, घरून भरून ने आणि गप झोप. व्हर्लिनने आयुष्यभर नळ दुरुस्त केले. त्याला वीज कळायचं कारण नाही.

१८ जानेवारी

नशीब पाहा! गोल्फ क्लबने जुन्या गोल्फगाड्या मोडीत काढल्या. त्यांच्या आठ बॅटऱ्या मिळाल्या. जड आहेत, म्हणजे आत माल आहे. दोन बाकाखाली, दोन पलंगाखाली, एक न्हाणीत, तीन जेवायच्या टेबलाच्या जागी. टेबल काढलं. टेबलावर आपण करतो तरी काय?

व्हर्लिन आत डोकावून बराच वेळ बघत होता. म्हणाला, वेगळंच आहे हं. आमच्याकडची माणसं मोजकं बोलतात. याहून मोठी स्तुती मी तरी ऐकलेली नाही.

२ फेब्रुवारी

कॅम्पर वजन करून आणला. काट्यावर आता शायला असते, मीच तिला शिकवलं. मर्यादेपेक्षा एकशे नव्वद पौंड जास्त. मी तिला म्हटलं, बघ जरा, चाक काट्याच्या कडेवर असेल, परत घे. तिने परत घेतलं. एकशे नव्वद. मी म्हटलं, ओळखीचा माणूस आहे मी. ती म्हणाली, लेलँड, काट्याला कुणाची ओळख नसते, माल उतरवा आणि परत या. हे वाक्य मी एकतीस वर्षं रोज म्हणत होतो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा लक्षात आलं, किती उर्मट वाटतं.

मी सोडल्यापासून काटा बिघडलाय.

३ फेब्रुवारी

वजन कमी करायची मोहीम. उशी एक पुरे. पडदे काढले. मार्सेलाचा दालचिनी-रोलचा मोठा ट्रे काढला. शिडी काढली, आता कॅम्परमध्ये उडी मारून चढायचं. घडीच्या दोन खुर्च्या काढल्या. तरीही सत्तर पौंड जास्त. यादीत शेवटी लिहून पाहिलं, ‘मार्सेला (?)’. हे केवळ तांत्रिक होतं.

४ फेब्रुवारी

यादी मार्सेलाच्या हाती लागली. ट्रे परत आत गेला. खुर्च्याही परत आत गेल्या. म्हणाली, त्या खुर्च्यांवर बसून आपण दोघं ऐकणार आहोत, त्या हलल्या तर बघ. मग तिने ते प्रश्नचिन्ह बोटाने दाखवलं आणि विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं, कंस. दुपारी जेवायला मिळालं, पण थंड.

६ फेब्रुवारी

मला एक कल्पना सुचली. शिशाच्या जड बॅटऱ्या काढून लिथियमच्या घ्यायच्या! हलक्या, दोन पुरतात, दोन्ही मिळून मार्सेलाच्या चिलीच्या, म्हणजे खिमा-राजम्याच्या, पातेल्याएवढं वजन. (व्हर्लिन रविवारी असंच काहीतरी पुटपुटला होता, पण त्याने एक म्हटलं होतं. दोनची कल्पना माझी.)

१० फेब्रुवारी

लिथियम आल्या. बसवल्या. त्यांच्याबरोबर भिंतीवर लावायचा एक डबा आला, त्यात किती टक्के वीज उरली ते दिसतं. आत्ता १००. फार सुंदर आकडा आहे. तो बघायला जेवण झाल्यावर पुन्हा गेलो.

११ फेब्रुवारी. पहाटे ५

झोप उडाली. माहितीपुस्तकाच्या चौदाव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय, गोठणबिंदूच्या खाली ही बॅटरी चार्ज करू नये. आणि नदीकाठी मार्चमध्ये रात्री बादलीतलं पाणी गोठतं!

सकाळी व्हर्लिनला फोन केला. तो म्हणाला, अरे पण रात्री तू ती चार्ज कुठे करणार आहेस? वापरणार आहेस ना? वापरायला थंडीची काही अडचण नाही. मी विचारलं, आणि करावी लागली तर? इथे मी त्याला पकडलं. तो खात होता.

१५ फेब्रुवारी

तोडगा निघाला. बॅटऱ्यांना विजेचं ब्लँकेट! ट्रकवाले वापरतात तसं, बॅटरीवर चालणारं. दोन्ही बॅटऱ्या पलंगावर घ्यायच्या, ब्लँकेटात गुंडाळायच्या आणि ब्लँकेटाला वीज त्यांचीच. बॅटरीच बॅटरीला ऊब देणार. कुणावर अवलंबून राहायला नको.

मार्सेलाने विचारलं, मग त्या विजेचा उपयोग कशासाठी? मी सांगितलं, बॅटरीसाठी. ती पुन्हा भांडी पुसू लागली. ती पुसून झालेली होती.

पलंगावरची डावी बाजू आता बॅटऱ्यांची. डावी बाजू मार्सेलाची असते, पण तिला एवढं कळतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार. रात्री ९

आज चाचणी. गॅरेजसमोर उभ्या कॅम्परमध्ये मी एकटा. हात आखडायचा नाही असं ठरवलंय. खोली गरम करायचा हीटर, कॉफीचं मशीन, टीव्ही, दिवे, ब्लँकेट, माझं यंत्र, सगळं एकदम चालू. नदीकाठी एवढं लागणारही नाही. डब्यावर १००.

२३ फेब्रुवारी. सकाळी ७

विजय! रात्रभर हीटर चालू, टीव्ही चालू, तीन वेळा कॉफी केली, आणि डब्यावर अजूनही १००! एक टक्काही कमी नाही! हिशेबात मी किती सावध होतो ते यावरून दिसतं. ही बॅटरी मोजमापाच्या पलीकडची आहे.

आनंदात खाली उतरताना गॅरेजमधून कॅम्परला आलेल्या नारिंगी वायरीत पाय अडकला आणि गुडघ्यावर आपटलो. मार्सेलाला सांगितलं, ही वायर इथे काय करते, गुंडाळून ठेवत जा. ती म्हणाली, तुझीच आहे.

७ मार्च, शुक्रवार

चर्चच्या हॉलमध्ये लेंटच्या उपवासाचे तळलेले मासे. रांग मोठी होती, म्हणून पुढच्या-मागच्या लोकांना माझी बॅटरीची व्यवस्था समजावून सांगितली. सगळ्यांनी ऐकून घेतलं. रांगेत होते. शंभर टक्क्यांची गोष्ट सांगितल्यावर फादर म्हणाले, वेगळंच आहे. दोन जण म्हणाले, वेगळंच आहे. मासे घेतल्यावर मात्र ते दुसऱ्या टेबलावर बसले, कारण माझ्या टेबलाशी वाऱ्याचा झोत येतो.

मार्सेला माझ्याजवळ बसली. तिने अचानक विचारलं, लेलँड, त्या दिवशी फक्त बसायचं, एवढं जमेल ना तुला? मी म्हटलं, बसण्यासाठीच तर हे सगळं चाललंय. तिने माझ्या ताटातला बटाटा घेतला. ती असं लग्नाआधी करायची.

१४ मार्च

डब्यात धोक्याची घंटा असते हे आज सापडलं. वीस टक्क्यांच्या खाली गेलं की दर थोड्या वेळाने बीप वाजतं. वाजण्याचा प्रश्नच येत नाही, पण लावून ठेवली.

२१ मार्च

तयारी पूर्ण. मार्सेलाने चिली आणि दालचिनीचे रोल केलेत. शाळेत अठ्ठावीस वर्षं दर गुरुवारी मुलांना हेच वाढलं, आणि अजूनही गावात चाळिशीचे बाप्ये तिला बघून गुरुवारची आठवण काढतात. तिने थर्मास दोन घेतलेत. खुर्च्या तिने स्वतः उचलून आत ठेवल्या, एकीची पट्टी सैल होती ती शिवली. गुणगुणत होती. मला फार बरं वाटलं. सगळं तिच्यासाठीच आहे.

२२ मार्च, शनिवार. दुपारी ३.५०

पोहोचलो. कुरणात चौदा गाड्या. मिसेस सेडलाचेक हातात पत्र्याची पाटी घेऊन फिरत होत्या. आमच्या गाडीपाशी जरा जास्त थांबल्या. मी त्यांना ब्लँकेटात गुंडाळलेल्या बॅटऱ्या दाखवल्या. त्या म्हणाल्या, हे जनरेटर नाही ना? मग म्हणाल्या, वेगळंच आहे.

शेजारी व्हर्लिनची व्हॅन. तो वीज म्हणून टोपीवरचा दिवा घेऊन आलाय.

५.१०

डब्यावर ९९.

५.१२

पुन्हा पाहिलं. ९९. घरी असं झालं नव्हतं. हवा वेगळी असेल.

५.४०

९८. एक दिवा बंद केला. मार्सेला चिली गरम करत होती, म्हणाली, मला दिसत नाहीये. मी तिला म्हटलं, खिडकीतून उजेड येतोय. तो व्हर्लिनच्या टोपीचा होता.

६.३०

९६!! पाण्याचा पंप बंद. दुसरा दिवा बंद. घरी रात्रभर सगळं चालू असताना शंभर, आणि इथे अडीच तासांत चार टक्के. नक्की कुठेतरी गळती आहे. मार्सेलाने बाहेर चल म्हणून हाक मारली, क्रौंच शेतातून नदीकडे परतत होते. आवाज येत होता. मी वायरी तपासत होतो.

७.३०

९३. हीटरचा पंखा खातोय, म्हणून तो बंद केला. पण गार झालं की बॅटऱ्या गार होणार. ब्लँकेट पुरणार नाही. मार्सेलाच्या आईची गोधडी होती, ती बॅटऱ्यांवर घातली, कडेने नीट खोचली. मार्सेला दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, आणि मी काय पांघरू? मी म्हटलं, कोट आहे ना. लगेच लक्षात आलं की हे थोडं तुटक झालं, म्हणून पुढे म्हटलं, चांगला कोट आहे.

८.०५

मार्सेला व्हर्लिन-आर्डिसच्या व्हॅनमध्ये झोपायला गेली. बहिणी बहिणी आहेत, बोलायचं असतं. जाताना उशी आणि दोन्ही खुर्च्या नेल्या.

८.३०

माझं यंत्रसुद्धा बंद केलं. मी आज झोपणारच नाही, मग ते लागतं कशाला? घोरण्याचा प्रश्न तिथेच मिटला. डब्यासमोर बसून पहारा देतो. बोटं गार झाली म्हणून हात गोधडीखाली घातले. बॅटऱ्या छान उबदार आहेत.

२३ मार्च, रविवार. पहाटे ६.२०

८१. अजून अंधार आहे. दारावर कुणीतरी टकटक केली. अगदी हळू, नखाने करावी तशी. मी फटीला तोंड लावून हळूच सांगितलं, दार उघडत नाही, ऊब जाईल. पुन्हा एकदा टकटक झाली. मी पुन्हा सांगितलं. मग गेलं जे कोणी होतं ते. बॅटऱ्यांचं तापमान गोठणबिंदूच्या बरंच वर आहे.

६.२५

पाच मिनिटं डोळे मिटतो. झोप नव्हे.

९.१०

ऊन आलंय. नदीत एकही क्रौंच नाही. गाड्या निघून चालल्यात. बॅटरी ७४ टक्के.

काठावर आमच्या दोन खुर्च्या होत्या, शेजारी शेजारी. एकीवर मार्सेला. दुसरीवर थर्मास आणि कागदात गुंडाळलेला रोल. मी थर्मास उचलून बसलो. आत कॉफी होती, कोमट.

मी विचारलं, किती वाजता उठले? ती म्हणाली, सात वाजता. आधी एकच ओरडला, मग त्याच्या बाजूचे, मग सगळी नदीच उठली, लेलँड. डोक्यावरून गेले तेव्हा खुर्ची हलत होती माझी. तिचे डोळे सुजलेले होते. मी विचारलं, मला का नाही उठवलंस? ती म्हणाली, आले होते, दोनदा.

बाकीचं मला व्हर्लिनने व्हॅनच्या ताडपत्रीचे खुंटे काढताना सांगितलं. मार्सेला आमच्या कॅम्परच्या दारावरून परत आली आणि तिने ती दुसरी खुर्ची हलवू दिली नाही. आर्डिस तिच्यावर बसायला लागली, तर म्हणाली, तो येईल. क्रौंच उठेपर्यंत तिचा एक हात त्या खुर्चीच्या दांड्यावर होता. मध्येच सगळीकडे शांतता असताना आमच्या कॅम्परमधून घरघर सुरू झाली. दोन गाड्या पलीकडे एक माणूस मोठा मायक्रोफोन लावून बसला होता. त्याने कुजबुजत विचारलं, हा कुठला पक्षी? मार्सेला म्हणाली, हा इथलाच आहे, स्थलांतर करत नाही.

व्हर्लिनला हे सांगताना हसू आवरत नव्हतं. मग माझा चेहरा बघून तो खुंट्यांकडे वळला.

मला वाईट वाटतंय. आत्ता लिहून ठेवतो, कारण उद्यापर्यंत मी ते दुसऱ्या शब्दांत लिहीन.

सायंकाळी ६, घरी

एकंदरीत पाहता मोहीम बऱ्याच अंशी यशस्वी. बॅटरी चौऱ्याहत्तर टक्के शिल्लक! असं मार्सेलालाही सांगितलं. परतीच्या वाटेवर ती बोलली नव्हती, पण या वेळी पाटीही वाचली नव्हती. आता मात्र बोलली. म्हणाली, एवढी शिल्लक आहे तर आज तू कॅम्परमध्येच झोप.

तिच्या बोलण्यात मला कौतुकही दिसलं. काल कंजुषी केली म्हणून सगळं बिघडलं, बॅटरीचा त्यात दोष नाही. आज सगळं चालू करून दाखवतो. खिडकीतून तिला उजेड दिसेल.

७.४५

कॅम्परमध्ये. हीटर, टीव्ही, ब्लँकेट, यंत्र, कॉफीचं मशीन, दोन्ही दिवे. गोधडी मार्सेलाने घरात नेली. फेब्रुवारीसारखंच. ७४. गॅरेजचं दार बंद आहे आणि खिडकीतून ती नारिंगी वायर आत खुंटीवर छान गुंडाळून टांगलेली दिसली. एक महिन्यापूर्वी सांगितलं होतं, आता ऐकलं.

८.०५

५१.

८.०९

५१ हे चुकीचं असणार. आता ४७ झालंय.

८.२०

३३. बाहेर जाऊन कॅम्परला फेरी मारली. मागच्या बाजूला ती वायर खोचायचं भोक आहे. झाकण उघडं, भोक रिकामं. चाचणीच्या रात्री ते रिकामं नव्हतं. त्या रात्रभर मी घराची वीज खात होतो.

हे कुणालाही सांगायचं नाही.

८.३१

बीप.

८.४१

७ टक्के. हीटर बंद केला, टीव्ही बंद, यंत्र बंद. कॉफीचं मशीन मात्र चालूच ठेवलं. मार्सेलासाठी एक कप होतोय का बघतो.

२४ मार्च, सोमवार. सकाळी

काल रात्रीचं उरलेलं.

कॉफी झालीच नाही, पाणी नुसतं कोमट झालं. आत बोटं वाकेनात. उठलो आणि घराच्या दाराशी गेलो. टकटक केली, हळू. आतून पावलं आली. दाराच्या फटीतून मार्सेलाचा आवाज आला, अगदी शांत. दार उघडत नाही, ऊब जाईल.

मी पुन्हा टकटक केली नाही. पायरीशी त्या दोन खुर्च्या होत्या, गाडीतून काढून तशाच ठेवलेल्या. एक उघडून बसलो. मग दुसरीही उघडली आणि शेजारी ठेवली. कॅम्परमधून बीप वाजत होतं. मी दाराकडे न बघता म्हटलं, मार्सेला, मी तुझी ती पहाट घालवली. असं मी सहसा बोलत नाही. गार फार होतं.

थोड्या वेळाने दार उघडलं. ती तिच्या आईची गोधडी घेऊन आली आणि दुसऱ्या खुर्चीत बसली. गोधडीचं एक टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं. मी सांगायला लागलो की नेमकं काय झालं, ती वायर, ते भोक. ती म्हणाली, गप. ऐक.

बीप. मग पुन्हा बीप. आम्ही दोघं तेच ऐकत बसलो. मी मोजले, अकरा. बारावा वाजला नाही.